सुतकातलं बियाणं

वन्सं, आज संध्याकाळी मी तुमच्या चार गोण्या घेऊन गावच्या बसमध्ये बसणार आहे. सुतक अजून फिटलेलं नाही. तुमचे भाऊ सकाळपासून माझ्याशी धड बोललेले नाहीत. गिरणीच्या दारावर 'सुतकामुळे बंद' असा पुठ्ठा मी माझ्याच हातानं लावलाय आणि आत दिवा लावून तुमच्याशी बोलत बसलेय. बाहेर कुणीतरी पुठ्ठा वाचतं, डब्याचं झाकण वाजवतं आणि पुढच्या गल्लीतल्या चक्कीवर जातं. जाऊ देत.

लोकांनी तुमच्याबद्दल काय काय सांगितलं म्हणून सांगू! देवमाणूस होत्या म्हणे. लग्न न करता बापाची शेती एकटीनं सांभाळली, कधी कुणाला दुखवलं नाही. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, कुणाला नाही दुखवलं? मला विचारा ना. गेली कित्येक वर्षं दर रविवारी फोनवर आपली जुंपायची. तुम्ही गावच्या पडवीत, मी लालबागला गिरणीत, आणि मधे ते पाच भातांचं पीठ. चाळीतल्या बायका म्हणायच्या, शैला, नणंदेशी एवढं भांडतेस आणि पुन्हा रविवारी फोन कशाला लावतेस? आता रविवार आला की मी काय करायचं, हे त्यांनाच विचारते.

ते पीठ सुरू झालं तेही भांडणातूनच. त्या वर्षी तालुक्याच्या व्यापाऱ्यानं तुमचं भात परत पाठवलं होतं. मिसळीचा माल नको, एकाच जातीचं आणा, म्हणाला. तुमच्याकडे वालय होता, सोरटी होती, बेळा, पाटणी आणि खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला तो खारा मुणगा. पाचही थोडे थोडे. तुम्ही रागारागानं सगळ्याचा तांदूळ करून घेतलात आणि बसच्या टपावर टाकून माझ्याकडे पाठवलात. वर फोन करून मलाच दम दिलात, "फेकून दी नायतर खा. माका परत नको."

फेकते कशाला! मी गिरणवाली बाई. बुधवारी आमच्याकडे फक्त तांदूळ दळतात, तांदळावर तांदूळच पडला पाहिजे, नाहीतर बायका घावनाला ज्वारीचा वास येतो म्हणून डोकं खातात. त्या बुधवारी सगळ्यांचं दळण झाल्यावर मी तुमचे पाचही तांदूळ एकत्र टाकले. मुणगा टणक, त्याला दगड जवळ आणावे लागले. पाटणी मऊ, तिचं पीठ पटकन गरम होतं. दोन-तीनदा हाताला पीठ घेऊन बघितलं तेव्हा कुठे बसलं. घरी जाऊन तव्यावर पहिलं घावन घातलं आणि ते असं काही सुटलं, अशी जाळी पडली, की शेजारची बाई वास घेत दारात येऊन उभी राहिली. त्या महिनाअखेरीस अख्खी चाळ मागायला लागली होती. तुम्हाला फोन केला तर म्हणालात, "मगे? मी काय सांगी होतंय?" तुम्ही काही सांगत नव्हतात. तुम्ही फेकून दे म्हणाला होतात.

पण एक गोष्ट खरी, की पुढचं सगळं तुमचं. गावातल्या बायका तुम्ही गोळा केल्यात. प्रत्येकीच्या जमिनीला मानवेल ते भात तिला दिलंत. पीक आलं की त्यातलं चांगलं बी तुमच्या माळ्यावर यायचं आणि पुढच्या वर्षी तुम्ही ते आलटून पालटून दुसरीला द्यायच्या. एकाच शेतात तेच बी सारखं पेरलं की दम जातो, असं म्हणायचात. त्यामुळे सगळ्या वाडीचं बियाणं तुमच्या एका माळ्यावर असायचं आणि किल्ली तुमच्या कमरेला. त्या बायका तुम्हाला अक्का म्हणायच्या आणि तुमच्या तोंडाला टरकून असायच्या.

आपली जुंपायची ती प्रमाणावरून. मी म्हणायचे, वन्सं, कुठला तांदूळ किती, हे एकदा ठरवून टाका. तुम्ही म्हणायचात, जमीन ठरवता, मी कोण ठरवणार? खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं त्या वर्षी बाकी सगळं झोपलं आणि एकटा मुणगा उभा राहिला. मग पीठ तांबूस आणि घावन जरा जाड. दुसऱ्या वर्षी सोरटीला कीड लागली, बेळा भरपूर झाला, पीठ पांढरंफेक. पीठ कधी बंद पडलं नाही हे कबूल. पण दोन वर्षं सारखंही कधी आलं नाही. आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाला मी होते, तुम्ही नव्हतात.

दादरच्या प्रदर्शनातली ती बाई आठवते? हिंदमाताला साड्या घेऊन पिशव्या सांभाळत आपल्या टेबलाशी आली आणि अर्धं संपलेलं पाकीट आपटलं. मागच्या वेळी पांढरं होतं, आता लाल निघालं, सरळ सरळ भेसळ करता, म्हणाली. आजूबाजूचे लोक बघायला लागले. तुम्ही शांतपणे स्टोव्ह पेटवलात, तिच्याच पाकिटातलं पीठ भिजवलंत आणि घावन करून तिच्या हातात दिलंत. "ह्यां भेसळ नाय गो बाय. पाच भातांचां पीठ ह्यां. खा नि मगे बोल." तिनं एक खाल्लं, दुसरं मागून खाल्लं, नारळाचा रस वरून घेतला, बोटं चाटली. आणि मग म्हणाली, छान आहे हो, पण माझे पैसे परत द्या. मी दिले. तुम्ही मात्र हसून हसून खाली बसलात. मला अजिबात हसू आलं नव्हतं. आज इथे बसून येतंय, आणि त्याच्याबरोबर रडूही येतंय.

मग त्या दुकानवाल्यांचा निरोप आला. मुंबईभर त्यांच्या शाखा, काचेची दारं, आत थंडगार. त्यांना आपलं पीठ हवं होतं. वन्सं, तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही, तरी पुन्हा सांगते, कारण हे तुमच्या भावाला कळत नाही. गिरणीवर आता कोण येतं? करी रोडला टॉवर झाले, तिथल्या लोकांना पीठ घरपोच येतं, पाकिटात. चाळीतली जुनी माणसं वसई-बदलापूरला गेली. सणाला थोडी गर्दी होते, उन्हाळ्यात मसाल्याच्या दिवसांत होते, बाकी मी पट्ट्याचा आवाज ऐकत बसते. ह्या एका ऑर्डरनं गिरण उभी राहिली असती. मी तुम्हाला फोन करून बोलावून घेतलं ते उगीच नाही.

त्यांच्या हापिसातला तो खरेदी बघणारा माणूस वाईट नव्हता. गिरगावातला, मराठीत बोलला, तुम्हाला मावशी म्हणाला, उठून खुर्ची दिली. पीठ त्यानं घरी नेऊन बायकोला करायला लावलं होतं. म्हणाला, "मावशी, चव एक नंबर. माझी फक्त एक अट आहे. पाकिटावर जो फोटो छापू तोच रंग तव्यावर दिसला पाहिजे, दर वेळी. नाहीतर लोक माल परत आणतात, आणि बोलणी मला खावी लागतात. तुम्ही एकच तांदूळ धरा. तो बेळा चांगला पांढरा आहे."

तुम्ही म्हणालात, "मगे पाच फोटो काढ मां."

तो हसला. मीही हसले असते, पण मला दिसत होतं की तुम्ही थट्टा करत नाही आहात. त्यानं पुन्हा समजावलं. तुम्ही पदर खोचलात, उभ्या राहिलात आणि म्हणालात, "येकाच भातार मी भरवसो ठेवचंय नाय. येक गेला तर दुसरा ऱ्हवाक होया." आणि चालायला लागलात. चहा तसाच टेबलावर.

खाली फुटपाथवर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माणसं वळून वळून बघत होती आणि मी बोलत होते. मी म्हटलं, वन्सं, तुमची भातं जगवायला माझी गिरण मरतेय. ते तुम्हाला लागलं हे मला तेव्हाच दिसलं. पण ते खोटं नव्हतं, आजही नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते मागे घेणार नाही. तुम्ही पिशवी उचललीत. संध्याकाळच्या बसनं गावाला निघून गेलात आणि नंतर रविवारचा फोनच बंद झाला. मी लावला तर उचलायचा नाहीत. सुमन उचलायची, तुमच्या शेजारच्या वाडीतली, आणि म्हणायची, अक्का शेतात गेली हा.

मग मे महिन्याच्या शेवटी तुम्ही न कळवता दारात. टॅक्सीच्या डिकीत दोन आणि मागच्या सीटवर दोन अशा गोण्या. टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालून झालेली, कपाळावर घाम, आणि चेहरा मात्र असा, जसं काही आपलं कधी वाजलंच नव्हतं. "काय गो शैला, जेवलंस?" एवढंच. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. गोण्या गिरणीच्या कोपऱ्यात लावून घेतल्यात आणि मला बजावलंत, उंदरांपासून सांभाळ. मी म्हटलं, बुधवारी दळते की. तुम्ही म्हणालात, "सकाळी बोलाया. आता दमलंय."

सकाळी मी चहा ठेवला, तुम्ही पलंगावर बसून केस विंचरत होतात. छातीत कळ आली म्हणालात. तुमचे भाऊ टॅक्सी शोधायला धावले, खालच्या माणसांनी तुम्हाला खुर्चीत बसवून जिना उतरवलं. इस्पितळ हाकेच्या अंतरावर. पण तिथे पोचेपर्यंत संपलं होतं. तुम्हाला भोईवाड्याच्या स्मशानात नेलं, घरी येऊन मी दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं, आणि ओट्यावर तुमचा चहा साय धरून तसाच होता. सकाळी बोलाया म्हणालात ना? काय बोलायचं होतं, हे विचारत मी सुतकाचे दिवस काढत होते.

ते मला परवा कळलं, आणि तेही परक्या माणसाकडून.

त्या खरेदीवाल्याचा फोन आला. त्यानं आधी वाईट वाटल्याचं सांगितलं, मनापासून. मग चाचरत म्हणाला, "काकू, ही वेळ नाही, मला कळतं. पण मावशींनी फोन करून होकार दिला होता. म्हणाल्या, एकच तांदूळ देते, आमच्या शैलाची गिरण बंद पडता कामा नये. आणि म्हणाल्या, तिला मी स्वतः येऊन सांगेन, तुम्ही सांगू नका. त्यांनी सांगितलं असेल ना तुम्हाला? मला ह्या आठवड्यात वर कळवायचंय."

मी म्हटलं, उद्या फोन करते. फोन ठेवला आणि तिथेच गोण्यांवर बसले. खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. जिंकले मी! इतकी वर्षं डोकं फोडत होते आणि शेवटी माझंच खरं झालं. हा आनंद किती वेळ टिकला ते देवाला ठाऊक, फार नाही टिकला. मग मला तुमचा असा राग आला, वन्सं, असा राग आला, की समोर असता तर तुमची बॅग उचलून परत बसस्टॉपवर ठेवली असती. मला न सांगता कशा काय हरलात? कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी हरायला?

मग मी गोणीचं तोंड सोडलं. दळायला आणलेला तांदूळ असणार, असंच मी धरून चालले होते. गिरणीत माणूस दुसरं काय आणणार? आत हात घातला तर वर राख, कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि खाली भात. टरफलासकट. दुसरी गोणी सोडली, तीच गत. चारही. गिरणीत भात दळत नाहीत हे तुम्हाला काय मी सांगायचं? राखेत घालून ठेवलेलं भात म्हणजे बियाणं. माळ्यावरचं सगळं बियाणं तुम्ही उचलून लालबागला आणून टाकलं होतं. जाती पाच आणि गोण्या चार; गावात राहिला तो बेळाच असणार.

मग मला सगळं लख्ख दिसलं. तुम्ही शब्द दिलात आणि तो पाळायला निघालात. गावात ठेवलं असतंत तर बायकांनी मागितलं असतं, आणि तुमच्या तोंडून नाही निघालं नसतं. कांडून तांदूळ करायला तुमचा हात उठला नाही. म्हणून माझ्या कोपऱ्यात आणून ठेवलंत, जिथे कुणी पेरणार नाही. पावसाळा जाईल, वर्ष सरेल, आणि मग ते रुजणारच नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आपल्या हातानं जगवलेलं तुम्ही माझ्या दारात मरायला आणून सोडलंत, आणि मला म्हणालात उंदरांपासून सांभाळ.

माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही, वन्सं. माझ्या आईनंसुद्धा नाही. मी हात जोडते तुम्हाला. आणि तरीही मला हे नको आहे.

त्याच दुपारी सुमनचा फोन. रडवेली झाली होती. "वैनी, बी खय असा? अक्कान औंदा सगळ्यांका बेळोच दिल्यान नि गेली. माझ्या खाजणात बेळो जगाचो नाय, त्येका मुणगोच होयो. माळ्याची किल्ली तरी खय असा?" खाजण म्हणजे तिची ती खाडीकाठची खारी जमीन, दुसरी तिला नाही. मी म्हटलं, बी माझ्याकडे आहे, सुतक फिटलं की पाठवते. ती म्हणाली, "आमका सुतक नाय गो. पावस काय थांबाचो नाय. चार दिसांनी सगळी जणां बाजारात जातली नि दुकानातलां बी आणतली. येकदा तरवो टाकलो की मगे काय करतलस तू?" तरवा एकदा पेरला, रोपं उगवली, की वर्ष गेलं, एवढं मलाही कळतं. आणि आपल्या बियाण्याचं एकच वर्ष उरलंय.

रात्री जेवताना मी तुमच्या भावाला सांगितलं, बियाणं गावाला पाठवायचंय. त्यांनी घास खाली ठेवला. "सुतकात घरातलं बी उंबऱ्याबाहेर जात नाही. आईच्या वेळी नाही गेलं, बाबांच्या वेळी नाही गेलं."

मी म्हटलं, तेव्हा पेरणीचे दिवस होते का?

"ते काही मला सांगू नकोस. आणि अक्कानं होकार दिला ना त्या माणसाला? तूच सांगितलंस. मग? शेवटचा शब्द आहे तिचा. मेलेल्या माणसाचा शब्द मोडणार तू?"

हे मात्र मला सुचलंच नव्हतं. सुतकाचं मी निस्तरलं असतं, देवाची क्षमा मागितली असती. पण तुमचा शब्द? आयुष्यभर तुमच्याशी भांडले, पण तुम्ही एकदा बोललात की ते मी कधी ओलांडलं नव्हतं. तुमचे भाऊ काही चुकीचं बोलत नव्हते. बहीण गेली त्यांची. तिची शेवटची गोष्ट धरून बसलेत, दुसरं काय उरलंय त्यांच्याकडे? मी ताटं उचलली, भांडी घासली, आणि घासता घासता एक विचार आला तो काही जाईना. शब्द दिलात तो माझ्यासाठी दिलात. माझ्यासाठी दिलेलं मी परत करू शकते की नाही? मला दिलेली साडी मी नको म्हणू शकते, मग हे का नाही?

हे मी त्यांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "करायचं ते कर. माझा हात लागणार नाही गोणीला."

काल सकाळी त्या खरेदीवाल्याला फोन केला. म्हटलं, दादा, मावशींनी दिलेला शब्द माझ्यापायी होता, तो मी मोडतेय, दोष मला द्या. पीठ हवं असेल तर पाचही भातांचं मिळेल. रंग दर वर्षी बदलेल. तसं पाकिटावर मोठ्या अक्षरात छापा, की ह्या वर्षी तांबूस आहे, कारण ह्या वर्षी अमुक भात जास्त पिकलं. छापायला काय जातंय? त्यानं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "काकू, मला पटतंय. पण मी एकटा ठरवत नाही. वर बोलून बघतो, पण तुम्हाला खोटी आशा लावत नाही. नाहीच होणार बहुतेक." मी म्हटलं, बरं. त्यानं पुन्हा एकदा तुमच्याबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

म्हणजे ऑर्डर गेली. गिरण किती दिवस चालेल, मला माहीत नाही. दिवाळी काढेल, कदाचित पुढचा उन्हाळा. मी काही फार शूर बाई नाही, वन्सं, आतून पार हादरलेय. दळायचे दगड गुळगुळीत झालेत, त्यांना टाकी लावून घ्यायची वेळ झालीय आणि ती लावायची की नाही, हेसुद्धा मला ठरवता येत नाहीये. सासऱ्यांनी मिलचा संप फिसकटल्यावर ही गिरण घातली, आणि ती माझ्या हातून बंद पडणार. तुम्हाला हेच तर नको होतं. म्हणून तर तुम्ही हरलात. आणि मी तुमचं हरणंच फुकट घालवलं. तुमचीच बाजू घेऊन मी तुमच्याशीच भांडतेय, आणि समोरून कुणी उलट बोलत नाही. असं भांडण मला जमत नाही हो.

बसवाला आपल्या गावाकडचाच. काल गोण्या बघून म्हणाला, मावशी, सुतकातलं सामान एकटं नाही नेणार मी, तुम्ही बरोबर बसा, मग तुमचं तुम्ही बघा. बसते म्हटलं. तुमच्या भावाला सांगितलं तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघत होते. पण आत्ता मी गिरणीत यायला निघाले तेव्हा मागून आवाज आला, "बाराव्याच्या आधी परत ये." एवढंच. मी हो म्हटलं.

सुमन बसस्टॉपवर येणार आहे. गोण्यांमधलं कुठलं भात कुठलं, ते तिला ओळखता येईल, मला येत नाही. मी नखानं टरफल काढून बघितलं, दोन लाल निघाले, एक पांढरा, एक मधलाच काहीतरी. तांदूळ समोर आला असता तर मी डोळे मिटून नाव सांगितलं असतं. बायका आपापलं बी घेऊन जातील आणि आपापला तरवा टाकतील, त्यांची मला काळजी नाही.

काळजी आहे ती तुमच्या कुणग्याची. घरामागचा तो तुमचा शेताचा तुकडा सुमननं नांगरून ठेवलाय, पण भावकी सगळी सुतकात, त्यात कुणी पाऊल घालणार नाही. तो रिकामा राहिला तर मला चालणार नाही. मी पेरणार आहे. सुतकातली बाई सुतकात पेरणार. भावकी बोटं मोडेल, मोडू दे.

पण वन्सं, मला पेरता येत नाही. मी लालबागची पोर, लग्न होऊन इथेच राहिले, मे महिन्यात गावाला यायचे ते आंबे खायला. तुम्ही कुठल्या कोपऱ्यात वालय टाकायच्या आणि कुठे पाटणी, मूठ किती उघडायच्या, दाणा खोल जायला हवा की वरच राहायला हवा, हे मी कधी बघितलंसुद्धा नाही. सुमन म्हणते, मी सांगेन. सांगेल ती. पण मी चुकणार आहे, एका ठिकाणी दाट, एका ठिकाणी विरळ, आणि भलतं भात भलत्या कोपऱ्यात. परवा मी तिथे चिखलात उभी असेन, हातात तुमचं बी, आणि बांधावर कुणी नसेल. तुम्ही उभ्या राहून मला शिव्या घालायला हव्या होतात, वन्सं.